मंगलदोष आणि प्रभारी अक्षरं

उज्जैन हे मंगळाचं जन्मस्थान. मंगळनाथाच्या देवळात बारा महिने गर्दी असते. लग्न अडलेले, धंदा बसलेले, नुसतेच ज्योतिषाने घाबरवलेले असे लोक देशभरातून येतात, भातपूजा करतात आणि हलके होऊन परततात. आमच्या घरातला मंगल मात्र भाताने शांत होणाऱ्यांतला नाही. तो पत्रिकेत नाही, फाइलीत आहे.

हा मंगल म्हणजे मायक्रोसॉफ्टने विंडोज २०००बरोबर दिलेला देवनागरी फॉन्ट. र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराचं हे काम. बदलीच्या अर्जापासून तेराव्याच्या पत्रापर्यंत उत्तर भारतात जे काही युनिकोडमध्ये टाइप होतं, त्यातलं बरंचसं याच फॉन्टमध्ये होतं, आणि टाइप करणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. विंडोजवर तो घरोघरी असतो म्हणून कोणी त्याचं नाव घेत नाही. लिनक्सवर तो नसतो, आणि मग घरात दुसरं नाव निघत नाही.

लिनक्स आमच्याकडे आलं ते दिवाळीच्या फराळाबरोबर. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०वरचा हात काढून घेतला. आमचा कॉम्प्युटर विंडोज ११ला लायक नाही, असं त्याच्या स्वतःच्याच पडद्यावर आलं. इतकी वर्षं घरात राहून असं तोंडावर बोलणारा तो पहिलाच. पुण्याचा भाचा दिवाळीला आला होता. एका हातात चकली आणि दुसऱ्या हातात पेन ड्राइव्ह घेऊन तो म्हणाला, "मामा, लिनक्स टाकून देतो. फुकट आहे, व्हायरस नाही, आणि सगळं ऑटोमॅटिक. तुम्हाला काहीही करायचं नाही."

'तुम्हाला काहीही करायचं नाही' हे वाक्य मी आजवर घराच्या डागडुजीआधी, मुलीच्या लग्नाच्या हॉलवाल्याकडून आणि आयकराच्या संकेतस्थळावर ऐकलेलं आहे. त्यामुळे मी जागरणाच्या तयारीला लागलो.

ऑटोमॅटिकची पहिली चुणूक लगेच दिसली. तुम्ही कुठे राहता, असं लिनक्सने नकाशा दाखवून विचारलं. मी उज्जैनवर बोट ठेवलं. त्याने सभ्यपणे ऐकून घेतलं आणि 'कोलकाता' असं लिहिलं. जुन्या भारतीय ज्योतिषाने जगाचा शून्य रेखांश ज्या गावावरून मोजला, जिथे सवाई जयसिंगांनी वेधशाळा बांधली आणि जिथली वेधशाळा आजही दर वर्षी आपलं पंचांग काढते, त्या गावात बसून मला कोलकात्याची वेळ लावून देण्यात आली. भाचा म्हणाला, "मामा, अख्ख्या भारताला एकच टाइम झोन आहे. त्याचं नाव तेवढं कोलकाता आहे." घड्याळ बरोबर होतं, त्यामुळे भांडायला जागा नव्हती. पण ऑटोमॅटिक म्हणजे काय, ते तेव्हाच ओळखायला हवं होतं. कोणीतरी, कुठेतरी, आपण नसताना ठरवून ठेवलेलं असतं. आपण फक्त 'पुढे' असं बटण दाबायचं.

भाचा पुण्याला गेला आणि आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या स्नेहसंमेलनाचं निमंत्रण माझ्याकडे आलं. घरात कॉम्प्युटर असणं आणि मंडळाचं काम गळ्यात पडणं यांत मध्य प्रदेशात फारसं अंतर नसतं. अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे नाना म्हणतो, म्हणाले, "नवीन काही लिहायचं नाही. गेल्या वेळची फाइल उघडायची, तारीख बदलायची. पाच मिनिटांचं काम." नानांचं मिनिट हे सिंहस्थासारखं आहे. ते कधी सुरू होणार ते सगळ्यांना माहीत असतं, पण मधला काळ बारा वर्षांचा असतो.

गेल्या वेळची फाइल उघडली. वरच्या ओळीत, जिथे 'महाकाल' हवं होतं, तिथे इंग्रजी अक्षरं होती: ई, जी, के, डी, के, वाय. खाली 'उज्जैन'च्या जागी लहान एम, मोठा टी, लहान टी, मोठा एस, लहान यू. सौभाग्यवतीने खांद्यावरून पाहिलं आणि विचारलं, "अहो, हा नानांचा पासवर्ड आहे का?"

पासवर्ड नव्हता, कृतिदेव होता. मध्य प्रदेशातल्या कचेऱ्या, कोर्टाबाहेरचे टंकलेखक आणि छापखाने अनेक वर्षं ज्या फॉन्टवर चालले, तो हा. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड सगळीकडे पोचण्याआधीची ही सोय. कॉम्प्युटरला इंग्रजी अक्षरंच ठाऊक होती, म्हणून कृतिदेवाने इंग्रजी 'ई'च्या जागी 'म'चं चित्र ठेवलं, 'जी'च्या जागी 'ह'चं, 'के'च्या जागी कान्याचं. कृतिदेव हजर असेल तर ई-जी-के-डी-के-वायचा महाकाल होतो. तो नसला की महाकाल अंतर्धान पावतो आणि नुसता वाय उरतो. म्हणजे फाइलीत मराठी कधी नव्हतीच. होता तो इंग्रजी अक्षरांवर चढवलेला देवनागरीचा मुखवटा.

यातली खरी मौज पुढे कळली. लिनक्सवर 'एफसी-लिस्ट' नावाची एक आज्ञा आहे. तिला विचारता येतं की, घरात मराठी येणारे फॉन्ट कोणकोणते? प्रत्येक भाषेला लागणाऱ्या अक्षरांची यादी तिच्याजवळ तयार असते. ती यादी पुढे धरून ती एकेका फॉन्टची हजेरी घेते आणि यादीतलं अक्षर गैरहजर असेल तर त्या फॉन्टला नापास करते. मी कुठून तरी कृतिदेव मिळवून बसवला आणि हजेरी घेतली. मराठी येणारे कोण म्हटल्यावर कृतिदेव गप्प. हिंदी येणारे कोण, तरी गप्प. इंग्रजी येणारे कोण म्हटल्यावर हा उभा राहिला! एवढी वर्षं मध्य प्रदेश शासनाचे कागद काढणारा हा गृहस्थ स्वतःला इंग्रज समजत होता.

मग मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घेतला आणि सवयीने फॉन्ट मंगल लावला. आता हे सगळं चालवणाऱ्या यंत्रणेकडे वळू. तिचं नाव फॉन्टकॉन्फिग. कीथ पॅकार्ड या अमेरिकन प्रोग्रामरने ती या शतकाच्या सुरुवातीला घडवली, आणि आज लिनक्सच्या पडद्यावर जवळपास कुठलंही अक्षर उमटण्याआधी तिचा सल्ला घेतला जातो. तिचा स्वभाव मात्र अमेरिकन अजिबात नाही. मध्य प्रदेशात राहणाऱ्याला 'प्रभारी' ही चीज समजावून सांगावी लागत नाही. साहेबांची खुर्ची रिकामी झाली म्हणून टेबल थांबत नाही. शेजारच्या खात्यातल्या साहेबांकडे प्रभार जातो. त्यांच्याकडे आधीचेच दोन प्रभार असतात, आणि दारावरची पाटी गेलेल्या साहेबांचीच राहते. फॉन्टकॉन्फिग हीच पद्धत चालवतं. मागितलेला फॉन्ट नसला तर ते 'नाही' म्हणत नाही, तुम्हाला विचारत नाही, कळवतही नाही. ते प्रभारी नेमतं. वर पाटी 'मंगल'चीच. मी ज्यात टाइप करतो ते लिब्रे ऑफिस तेवढी माणुसकी दाखवतं की, नसलेल्या फॉन्टचं नाव चौकटीत तिरप्या अक्षरांत लिहितं. समजणाऱ्याने समजावं. मी ते कित्येक दिवस सजावट समजत होतो.

प्रभार कुणाकडे आहे, हे विचारण्याची आज्ञा म्हणजे 'एफसी-मॅच'. भाच्याने फोनवरून सांगितलं, "मामा, टर्मिनल उघडा, एफसी-मॅच लिहा, पुढे मंगल लिहा आणि एंटर मारा."

मारला. उत्तर आलं: डेजावू सान्स.

"हा कोण?"

"तो डिफॉल्ट आहे मामा. चांगला फॉन्ट आहे."

"मराठी येतं का त्याला?"

पलीकडे थोडी शांतता. "नाही. देवनागरीचं एकही अक्षर नाही त्याच्यात."

म्हणजे साहेब रजेवर, आणि प्रभारी असे नेमले की ज्यांना या खात्याची लिपीच वाचता येत नाही. मग पडद्यावर मराठी दिसत होतं ते कसं? तर डेजावू प्रत्येक अक्षर हातात घेतो, हे आपलं नव्हे म्हणतो आणि खालच्याकडे ढकलतो. खालचा त्याच्या खालच्याकडे. असं उतरत उतरत ज्याला ते अक्षर येतं त्याच्या टेबलावर ते पोचतं आणि तिथून उमटतं. प्रभारींच्या हाताखालचे प्रभारी. काम होतं, यात वाद नाही. कुणी केलं, ते मात्र विचारू नये.

या आज्ञेची आणखी एक खुबी आहे. तिला उत्तर द्यायचंच असतं. मी 'महाकाल' असं लिहून पाहिलं. उत्तर: डेजावू सान्स. 'पोहे' लिहिलं. डेजावू सान्स. 'जिलबी'. डेजावू सान्स. सौभाग्यवती चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "माझं नाव घालून बघा." घातलं. डेजावू सान्स. ती म्हणाली, "माझ्या जागी प्रभारी?" आणि चहा ठेवून गेली. त्या दिवसापासून टर्मिनल उघडं दिसलं की आमच्या घरात चहा उशिरा होतो.

भाच्याचं म्हणणं, यावर उपाय सोपा आहे. फॉन्टकॉन्फिगचे नियम उघड्यावर असतात, कुणीही वाचावेत. 'कॉन्फ-डी' नावाच्या फोल्डरमध्ये ते फाइलींच्या रूपाने रांगेत ठेवलेले असतात आणि प्रत्येक फाइलीच्या नावाआधी क्रमांक असतो. दहाच्या आसपास अक्षर किती गुळगुळीत दिसावं याचे नियम. पंचेचाळीस आणि साठवर लॅटिन लिपीची व्यवस्था. पासष्टवर 'नॉन-लॅटिन', म्हणजे अरबी, थाई, चिनी, देवनागरी अशा सगळ्यांची एकाच डब्यात सोय. जनरल डबा म्हणतात तो हाच. आणि बरोबर पन्नासवर वापरणाऱ्याचं म्हणणं ऐकलं जातं. लोकशाहीतली ही जागा मला ओळखीची वाटली. तुमचं म्हणणं घेतलं जातं, पण तुमच्यानंतरही बोलणारे पुष्कळ असतात. त्यातून कित्येक फॉन्ट स्वतःचं शिफारसपत्र बरोबर घेऊन येतात आणि सोयीच्या क्रमांकावर नेऊन ठेवतात.

भाच्याने नियम लिहून पाठवला. अर्थ असा की, कुणी मंगल मागितला तर लोहित देवनागरी द्या. तो फाइलीत घातला, फाइलीला 'मंगल' असंच नाव दिलं, फोल्डरमध्ये ठेवली. काही झालं नाही. चूक नाही, तक्रार नाही, इशारा नाही. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. 'एफसी-कॅश' मारलं, ज्याने फॉन्टची जुनी नोंदवही फाडून नवी केली जाते. काही नाही. भाचा तिकडे पुण्यात ऑफिसच्या मीटिंगमध्ये आवाज बंद करून माझ्याशी बोलत होता आणि इकडे नाना दाराशी येऊन विचारत होते, "काय करून राहिलाय? एक तारीखच तर बदलायची आहे."

कारण सापडलं ते असं. ज्या फाइलीच्या नावाची सुरुवात आकड्याने होत नाही, ती फॉन्टकॉन्फिग वाचतच नाही. नाकारत नाही, परत पाठवत नाही, फक्त बघत नाही. आवक क्रमांक नसलेल्या अर्जाचं जे होतं तेच. आणि आकडा म्हणजे इंग्रजीच आकडा. देवनागरीतला पाच त्यांच्या लेखी आकडा नव्हे. ज्या देशाने जगाला आकडे शिकवले असं आम्ही शाळेत पाठ केलं, त्या देशाचा पाच दारातच अडवला गेला. फाइलीचं नाव बदलून पुढे इंग्रजी आकडा लावला, त्याच क्षणी मंगलच्या जागी लोहित उभा राहिला. इतक्या विनातक्रार की, आधीचा अबोला खरा की हे, असा प्रश्न पडला.

लोहित हा लिनक्सवरचा जुना, भरवशाचा फॉन्ट. रेड हॅट कंपनीने तो सगळ्यांसाठी खुला केला, आणि लोहित म्हणजे तांबडा. अक्षरं मुळात पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची, तेच श्रीलिपीवाले. मंगल मराठी माणसाचा, लोहित पुण्याचा, तरी दोघांची गाठ घालून द्यायला अमेरिकन यंत्रणा आणि पुण्याचा भाचा लागतो. फॉन्टच्या यादीत बाकीची मंडळीही बसलेली असतात. गार्गी आहे, चंदस आहे, केंब्रिज विद्यापीठासाठी घडवलेले नकुल आणि सहदेव आहेत. धर्म, भीम, अर्जुन नाहीत. वनवासात लागतात ते सगळे वगळून फक्त धाकटे दोघे का आले, ते मला कळलेलं नाही.

मध्ये एक दिवस अक्षरांच्या डोक्यावरची रेघ कुठे जाड कुठे पुसट दिसू लागली. त्याला 'हिंटिंग' म्हणतात. अक्षराच्या रेघा पडद्याच्या ठिपक्यांवर नीट बसवायच्या. त्याचे चार पर्याय असतात: अजिबात नाही, किंचित, मध्यम, पूर्ण. चारही लावून पाहिले. यांत फरक दिसतो असं भाचा म्हणतो. तो वयाने लहान आहे.

एवढं झाल्यावर निमंत्रण छान मराठीत दिसू लागलं. नानांना बोलावलं. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला, खुर्ची पुढे ओढली आणि पडद्यावर बोट टेकवून म्हणाले, "हा 'ल' आपला नाही."

नानांची नजर बरोबर होती. मराठीचा 'ल' दोन पाकळ्यांचा, हिंदीचा 'ल' उभ्या दांड्याला टेकलेला. मराठीचा 'श' देठाचा, हिंदीचा गाठीचा. पूर्वी छापखान्यांत देवनागरीची मुंबईची आणि कलकत्त्याची अशी दोन वळणं होती. अ, झ, ण यांची मुंबईची वळणं पुढे हिंदीनेही घेतली, पण 'ल' आणि 'श' यांच्यावर समझोता झाला नाही. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या शासन निर्णयात देठाचा 'श' आणि पाकळीचा 'ल' असं लिहूनही ठेवलं. तो निर्णय बऱ्हाणपूरच्या अलीकडे येत नाही. आम्ही निर्णयाच्या बाहेर राहणारे मराठी.

चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात. कुठलं दाखवायचं, ते मजकुराची भाषा पाहून ठरतं. आणि मजकुराची भाषा कुठली, ते मजकूर वाचून ठरत नाही, सेटिंग वाचून ठरतं. आमच्या लिब्रे ऑफिसच्या सेटिंगमध्ये देवनागरीपुढे 'हिंदी' लिहिलेलं होतं.

"नाना, हा 'ल' हिंदीचा आहे."

"मग आपण हिंदी आहोत का?"

"सेटिंगमध्ये आहोत."

नाना एकदम गप्प झाले. या गावातल्या मराठी माणसाला हा प्रश्न फॉन्टपुरता नसतो. राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकालेश्वराचं देऊळ पुन्हा उभारलं, बायजाबाई शिंद्यांनी गोपाळ मंदिर बांधलं. अशा हवेत आम्ही पिढ्यान्‌पिढ्या राहतो. बाजारात हिंदी, स्वयंपाकघरात मराठी, आणि भाजीवाल्याशी घासाघीस करायला दोन्ही. पुण्याच्या नातेवाइकांना आमचं 'येऊन राहिलो', 'करून राहिलो' ऐकून मजा वाटते. ते आम्हाला हिंदीवाले म्हणतात. शेजारचे आम्हाला 'महाराष्ट्रीयन लोग' म्हणतात. जो तो आमच्याकडे बघून आपल्या आपण भाषा लावून टाकतो आणि कोणी विचारत नाही. कॉम्प्युटरने तरी काय वेगळं केलं? त्याने गाव पाहिलं आणि भाषा लावली. त्याचं बरं एवढंच की, त्याला सांगितलं तर तो ऐकतो. मजकूर निवडला, भाषा 'मराठी' केली, आणि पानभर सगळे 'ल' पाकळ्या उघडून उभे राहिले. नानांनी एकेका 'श'चा देठ तपासला. पुण्याच्या नातेवाइकांसाठी असं सेटिंग कुठे सापडतं ते बघायला हवं.

अक्षरांचा विषय निघालाच आहे तर एक घराणं सांगतो. उज्जैनचे विष्णू श्रीधर वाकणकर, ज्यांनी १९५७ साली भीमबेटकाची चित्रं जगापुढे आणली, त्यांचे थोरले बंधू लक्ष्मण श्रीधर वाकणकर हे देवनागरीच्या वळणांचे मोठे अभ्यासक. एक भाऊ माणसाच्या पहिल्या रेघोट्यांमागे, दुसरा आताच्या अक्षरांमागे. धाकट्यांनी शोधलेली चित्रं हजारो वर्षांनंतर जशीच्या तशी उघडतात, मध्ये कुठला फॉन्ट बसवावा लागत नाही. आमच्या मंडळाची रौप्यमहोत्सवी स्मरणिका मात्र पहिल्या पानावरच ई-जी-के-डी-के-वाय म्हणते. पुढच्या स्मरणिकेला गुहा मिळते का बघावं, असं मी कार्यकारिणीत सुचवलं होतं. इतिवृत्तात ते घेतलेलं नाही.

तर निमंत्रण तयार झालं. त्याची पीडीएफ केली. पीडीएफचा मोठा गुण म्हणजे तिच्या पोटात फॉन्ट असतात. ती आपला शिधा आपल्याबरोबर घेऊन जाते, कुणाच्या दारात प्रभारी मागत नाही. ती घेऊन फ्रीगंजातल्या एका छपाईवाल्याकडे गेलो. त्याने ती उघडून पाहिली, छान म्हणाला आणि पुढे म्हणाला, "भैया, ये नहीं चलेगा. ओपन फाइल दो. कोरल में लेना पड़ेगा. बॉर्डर लगानी है, गणेशजी बिठाने हैं."

युनिकोडची फाइल दिली. त्याचं कोरल, म्हणजे मांडणीचं सॉफ्टवेअर, जुनं. त्यात युनिकोड शिरलं आणि वेलांट्या अक्षरांपासून सुटून स्वतंत्र फिरू लागल्या. तो शांतपणे म्हणाला, "कोई बात नहीं, कृतिदेव में कन्वर्ट कर देता हूँ." म्हणजे इतके दिवस ज्या मुखवट्यातून मजकूर सोडवला, तोच मुखवटा एका टिचकीत परत चढला. महाकाल पुन्हा ई-जी-के-डी-के-वाय झाला. पण त्याच्याकडे कृतिदेव हजर असल्याने ते कुणाला दिसलं नाही.

दिसलं ते दुसरंच. मंडळाने यंदा एक चांगलं काम ठरवलं होतं. दर वर्षी पंगतीचा स्वयंपाक करणाऱ्यांचा, म्हणजे आचाऱ्यांचा सत्कार. निमंत्रणात तसं ठळक लिहिलेलं: 'आचाऱ्यांचा सत्कार'. आता हा आडव्या रेघेचा अर्धा 'ऱ' मराठीचा खास, हिंदीला तो लागत नाही. हिंदीसाठी केलेल्या कन्व्हर्टरने तो पाहिला, ओळखीचा वाटला नाही, आणि त्याच्याऐवजी जवळचा समजून पुढच्या अक्षराच्या डोक्यावर रफार ठेवून दिला. तीनशे पत्रिका छापून आल्या: 'आचार्यांचा सत्कार'.

हिंदीत वाचणाऱ्याला यात काही चुकलं असं वाटणारच नाही. मराठीत वाचणाऱ्यालाही नाही. चूक अशी की, ती चूक दिसत नाही. संक्रांतीच्या दिवशी मंडळाच्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत संस्कृतचे दोन निवृत्त प्राध्यापक, एक वेदपाठशाळेतले गुरुजी आणि सांदीपनी आश्रमाच्या बाजूने आलेले एक अनोळखी शास्त्री असे सगळे उपरणी सावरून बसले होते. ज्यांचा सत्कार होता ते मागच्या अंगणात मसालेभाताला वाफ आणत होते. नानांनी स्टेजवरून एकदा पुढच्या रांगेकडे पाहिलं, एकदा मागच्या दाराकडे, आणि कार्यवाहांच्या कानात म्हणाले, "शाली किती आहेत?"

शाली पुरल्या नाहीत. शास्त्रीबुवांना शाल मिळाली, आचाऱ्यांना श्रीफळ आणि पाकीट. पाकिटामुळे ते जास्त खूश दिसले. भाषणात नानांनी प्रसंग सावरला. म्हणाले, "अन्न हे पूर्णब्रह्म, म्हणून आचारी हेही आचार्यच." टाळ्या कडकडल्या. एका प्राध्यापकांनी ती व्युत्पत्ती तपासण्यासाठी वहीत लिहून घेतली.

पंगत उठल्यावर नाना माझ्याजवळ येऊन बसले. सुपारी कातरत म्हणाले, "हे तुमचं मंगल, कृतिदेव, लोहित पुरे झालं. शिंद्यांच्या दरबारचे कागद मोडीत असायचे. आमचा नातू म्हणून राहिला की, २०१४पासून मोडी युनिकोडमध्येही आहे, तिचा फॉन्टही फुकट मिळतो. पुढच्या वर्षी आपण निमंत्रण मोडीत काढू."

मी म्हटलं, "नाना, यंदाचंही मोडीतच निघालं."